डायलखालची पाटी

४ फेब्रुवारी

चिमटाबाई,

तुला तुझ्या खऱ्या नावाने हाक मारत नाही. तो हक्क माझ्याकडे उरलाय की नाही ते ठरायचंय. तूर्तास लहानपणीचं नाव चालवून घे. चार वर्षांची होतीस तेव्हा बाहुली मागायची सोडून चिमटा मागायचीस आणि उशीखाली घेऊन झोपायचीस.

पत्र माझं आहे, टाइप करणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई आहेत. पस्तीस वर्षं त्यांनी कोर्टात जबान्या टाइप केल्या. आता कोर्ट नाही, मशीन मात्र आहे आणि बोटं शिवशिवतात. अट एकच घातली त्यांनी: "आजी, जे बोलाल ते उतरणार. मी गाळत नाही." मघाशी मी शिंकले, तेव्हा क्षणभर त्यांची बोटं अडखळली. शिंकही उतरवायची की काय असं वाटत असणार त्यांना.

तुझे बाबा गेले. काचवाल्याने तुला सांगितलंच असेल. घड्याळांच्या काचा तो इथून तिथे न फोडता नेतो, बातम्या मात्र वाटेतच फोडतो. त्याच्याकडूनच मला कळलं की माझी नात आठ वर्षांची झाली आणि तिचे पुढचे दोन दात पडलेत. माझेही पडलेत. जोडी जमेल.

बाबा कामाच्या टेबलाशीच गेले. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. डोळ्याला भिंगाची आयग्लास तशीच. मी चहा ठेवला, म्हटलं गार होईल. हूं नाही की चूं नाही. ते नेहमीचंच, म्हणून मला कळायला उशीर झाला. तू आली नाहीस ते एका अर्थी बरंच झालं, खुर्च्या कमी होत्या.

आता मुद्द्याचं. झोका पाठव.

टायपिस्टबाई विचारतात, झोका म्हणजे काय. अहो, मनगटी घड्याळाच्या पोटात एक बारीक चाक असतं. केसाएवढ्या कमानीवर ते इकडून तिकडे डुलतं, आणि ते डुललं की टिकटिक. आमच्या घरात त्याला झोकाच म्हणतात. तुझ्या बाबांनी घरात बसून एक घड्याळ करायला घेतलं होतं. बाजारातली भारी घड्याळं ज्याच्यापुढे फिकी पडतील असं, सगळे भाग हाताने. काच, माणकं आणि चावीची मोठी कमान एवढंच बाहेरचं. नऊ वर्षं ते आणि ही पोरगी त्याच्यावर राबले. झोका हिने कापला. जाताना घेऊन गेली.

तू गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत बाबांनी चार झोके कापले. एकही डुलला नाही. बसवायचे, फुंकर घालायचे, झोका एकदा लवायचा आणि थांबायचा. पाहुण्याला आग्रह करावा आणि त्याने उगीच एक घास खावा, तसा.

तू ज्यावरून गेलीस ते मी उगाळत बसत नाही. डायलखालच्या पितळी पाटीवरून तुझं नाव पुसलं गेलं. बाबा म्हणाले, "हो, मीच पुसलं." तू झोका कागदात गुंडाळलास आणि जिना उतरलीस. गेलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं? त्याला उत्तर देता येत नाही. तसे ते जिवंतपणीही कुठे देत होते.

आणखी एक. घाबरू नकोस. त्या घड्याळाचं मशीन वाजतं.

काचेच्या घंटेखाली, त्या पालथ्या झाकणाखाली, ठेवलंय. झोका नाही, चावी दिलेली नाही. तरी रोज चार वाजून दहा मिनिटांनी वाजायला लागतं आणि पाचेक मिनिटांनी थांबतं. काल टायपिस्टबाई इथेच होत्या. त्यांची बोटं थांबली.

"उंदीर असेल," त्या म्हणाल्या.

"उंदीर तालात चालत नाही हो बाई."

तुझी
आई

अंगठा घेतला. शाई पसरली, रेषा उमटल्या नाहीत. — टायपिस्ट


१९ फेब्रुवारी

चिमटाबाई,

उत्तर नाही. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो. बिचाऱ्याची मान दुखत असेल.

बँकेतले साहेबही परवा म्हणाले, "आजी, अंगठा जरा दाबून." दाबला. शाईचा नुसता गोळा. चाळीस वर्षं लाकडी काडीला पॉलिशची पेस्ट लावून पितळ आणि पोलाद घासलं, त्यात माझ्या अंगठ्याच्या रेषा गेल्या. साहेबांना म्हटलं, "माझा अंगठा लोकांच्या मनगटावर फिरतोय, इथे कुठून आणू?" त्यांना काही कळलं नाही. तुला कळेल. घरातल्या प्रत्येक घड्याळाच्या कडा मी घासल्या. कथलाच्या पत्र्यावर पोलाद घासत बसायचं, एका बाजूने काळंकुट्ट आणि दुसऱ्या बाजूने पांढरंशुभ्र दिसेपर्यंत. स्क्रू तापवून निळे करायचे. जांभळा येतो आणि निळा होतो, त्या मधल्या श्वासात उचलायचा. उशीर झाला की गेला.

मी काय सांगत होते? हं, पाटी.

पाटी अजून सुटीच आहे, मुलामा दिलेला नाही, म्हणून ती काळी पडू नये यासाठी दर आठवड्याला मी हलकी घासते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण घासायला डोळे लागतात कुणाला? मंगळवारी घासताना काडी अडली. बोटावरची रबरी टोपी काढली आणि उघडा अंगठा फिरवला. होय, उघडा. घरातला पहिला नियम मोडला. पितळेला उघडं बोट लावायचं नाही, घामाचा डाग तेव्हा दिसत नाही, आठवड्याने वर येतो, हे मीच तुला शिकवलं होतं, आणि हातावर एक चापटही दिली होती.

अंगठ्याला खरवड लागली. बाबांच्या नावाच्या शेजारी. तुझं होतं त्या जागी.

घासून काढली. बुधवारी पुन्हा होती. पुन्हा घासली, जरा जोर लावून. गुरुवारी आणखी खोल. शुक्रवारी टायपिस्टबाईंना वर बोलावलं आणि बाबांची आयग्लास त्यांच्या डोळ्याला लावली. त्यांनी वाचलं, आयग्लास पुसली आणि पुन्हा वाचलं. कोर्टात पस्तीस वर्षं काढलेली बाई दोनदा वाचते म्हणजे बघ.

"कुणाचं नाव आहे?" मी विचारलं.

"तुम्ही पाकिटावर घालायला सांगता ते."

चिमटाबाई, पाटी बाबांनी पुसली नव्हती. मी पुसली.

मला अक्षर कुठे येतं? मला वाटलं ओरखडा आहे. ओरखडा दिसला की घासायचा, हाच माझा धर्म. संध्याकाळी तू पाटी उचललीस, कोरी जागा बघितलीस आणि बाबांना विचारलंस, "तुम्ही पुसलंत?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, मीच पुसलं." अडाणी बाईची चूक त्यांनी स्वतःवर घेतली. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. तोंडात जीभ होती, चांगली हातभर. पण त्या दिवशी तिने दगा दिला.

झालं. सांगितलं. आता झोका पाठव, म्हणजे ते मशीन तरी गप्प बसेल. हल्ली ते वाजतं तेव्हा टेबलावरचा ओला पडदासुद्धा हलतो. धूळ बसू नये म्हणून टांगतो ना, तोच. वारा नसतो. खिडकी बंद असते. पडदा इकडून तिकडे, इकडून तिकडे.

तुझी
आई

अंगठा घेतला. रेषा उमटल्या नाहीत. — टायपिस्ट


२ मार्च

चिमटाबाई,

टायपिस्टबाईंशी माझं भांडण झालंय. त्या आत्ता टाइप करतायत ते फक्त मशीन त्यांचं आहे म्हणून. मध्ये नऊ दिवस आम्ही बोललो नाही. त्या जिन्यात दिसल्या की मी भिंतीकडे बघायचे. भिंतीला रंग द्यायला झालाय.

झालं असं. मागचं पत्र पाकिटात घालता घालता त्यांनी विचारलं, "आजी, ओरखडा समजून पुसलं ना?"

"हो."

"मग शेजारचा ओरखडा का राहिला?"

"कुठला?"

"तुमच्या यजमानांचं नाव. दोन्ही एकाच पाटीवर, एकाला एक लागून. तुम्हाला अक्षर येत नाही. मग एक ओरखडा आणि एक नाव, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "बाई, हे कोर्ट नाही. हे माझं घर आहे. जिना तिकडे आहे."

त्या गेल्या. पत्र मात्र त्यांनी पोस्टाच्या पेटीत टाकलं. इमानदार बाई. राग येतो अशा माणसांचा.

त्यानंतर नऊ दुपारी मी एकटी बसले. तुला काय सांगू! आधी टिकटिक घंटेखालून यायची. मग टेबलातून यायला लागली. चौथ्या दिवशी हात टेबलावर ठेवला होता, तर मनगटातून आली. मला वाटलं नाडी. मोजून बघितलं. मोजायला मला येतं, वाचायला नाही. नाडी माझी एवढी शहाणी कधीच नव्हती. सेकंदाला पाच ठोके, एकही कमीजास्त नाही. तुझ्या झोक्याची चाल ती.

आणि नाव आता घासून निघतच नाही. मी काडी टेकवली की ते आणखी खोल जातं. जणू मीच कोरतेय.

टायपिस्टबाई विचारतायत, थांबू का. थांबा. आज एवढंच. नाही, "जणू मीच कोरतेय" हे गाळा. गाळत नाहीत.

तुझी
आई

अंगठा देण्यास नकार. — टायपिस्ट


९ मार्च

चिमटाबाई,

ऐक. मध्ये बोलू नकोस. तू तिथे आहेस, तरी सांगते, कारण तुला मध्ये बोलायची सवय आहे.

मला अक्षर येत नाही, पण हात ओळखता येतो. बाबा कोरताना हत्यार स्वतःकडे ओढायचे, त्यांच्या रेघेला शेवटी बारीक शेपूट असतं. तू हत्यार पुढे ढकलतेस, तुझी रेघ टोकाला थबकते. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघांच्या कडा घासल्या. कुठली कुणाची, हे मला काळोखातही कळतं. तुझं नाव मला वाचता आलं नाही. पण ते तुझं आहे हे माझ्या अंगठ्याला टेकताक्षणी कळलं होतं.

ओरखडा नव्हता. मला माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी बाबा तुला म्हणाले, "घाल तुझंही नाव. निम्मं काम तुझं आहे." मी तिथेच उभी होते, चहाचे दोन कप घेऊन. एक त्यांचा, एक तुझा. पाटी मीच तर घासून दिली होती, आरशासारखी. निम्मं त्यांचं, निम्मं तुझं. पूर्ण झालं की गं! शिल्लक काय राहिलं? तुम्ही दोघं पाटीवर वाकलात आणि कप कुठे ठेवू हे विचारायलाही कुणी वर बघितलं नाही.

तुझा राग नव्हता. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. खरं सांगू? होता. मी घासत घासत म्हातारी झाले आणि काल चिमटा धरायला शिकलेली पोरगी पाटीवर जाऊन बसली, आणि ती पोरगी मीच जन्माला घातलेली. आईने असं वाटून घ्यायचं नसतं. मला वाटलं.

दुपारी तू बाजारात गेलीस, बाबांचा डोळा लागला. मी काडी घेतली. तुझं नाव जायला किती वेळ लागला म्हणशील? चहा उकळायला लागतो तेवढा. मग बोटावरची टोपी काढली आणि त्या कोऱ्या जागेवर माझा अंगठा दाबला. उघडा. चांगला दाबला. माझीही निशाणी राहू दे म्हटलं. रेषा तेव्हाही नव्हत्याच, नुसता घामाचा डाग पडला. आणि डाग म्हणजे डाग. आठवड्याने वर आलाच असता. तोही पुसला. म्हणजे बघ, तुझं ठेवलं नाही आणि माझंही ठेवता आलं नाही.

मागे वळले तर बाबा जागे होते. खाटेवर पडल्या पडल्या बघत होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही. अकरा वर्षं विचारलं नाही. संध्याकाळी तू विचारलंस आणि ते "हो" म्हणाले. मागच्याच्या मागच्या पत्रात मी लिहिलं की त्यांनी अडाणी बाईची चूक स्वतःवर घेतली. चूक नव्हती ती. अडाणीपणाचा मी पदर केला आणि त्याखाली लपले. चार झोके कापताना ते एकदाही म्हणाले नाहीत की तुझ्यामुळे. रोज चहा घ्यायचे माझ्या हातचा. गार करून.

तुला सांगितलं असतं तर तू झोका ठेवला असतास आणि मला सोडून गेली असतीस. गप्प बसले, तर झोका घेऊन बाबांना सोडून गेलीस. मी तुला त्यांच्या वाटणीतून कापलं, माझ्या नाही. असा हिशोब मी केला होता. चुकला. गेलीस ती दोघांनाही सोडून गेलीस.

माफी मागत नाही. माझ्या हातात घासण्यापलीकडे काही नव्हतं, आणि घासून काय काय जातं ते तू बघितलंस.

टायपिस्टबाईंनी आज एकदाही मान वर केली नाही. आत्ता मशीन वाजतंय. त्या म्हणतात, त्यांच्या टाइपरायटरचा ठोका आपोआप त्याच चालीवर पडतोय.

आई

अंगठा घेतला. रेषा उमटल्या नाहीत. — टायपिस्ट


१४ मार्च

चिमटाबाई,

पाकीट आलं. पोस्टमनने मान हलवली नाही, नुसताच उभा राहिला. माझ्या अंगठ्याचा उपयोग नाही, म्हणून टायपिस्टबाईंनी सही करून घेतलं.

आत कापूस, कापसात डबी, डबीत झोका. अकरा वर्षांत एक डाग नाही. शिकवलेलं विसरली नाहीस. सोबत वहीचा कागद. टायपिस्टबाई म्हणाल्या, लहान मुलीचं अक्षर आहे. त्यांनी वाचून दाखवलं:

"आजी, हे चाक आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात दुपारी आपोआप हलतं. आई म्हणते, हलत नाही. पण ती त्या वेळी तिथे येतच नाही. मी आईला सांगून पाठवते आहे. ती हो म्हणाली. माझे दात आले."

म्हणजे तिकडेही. म्हणजे इतके दिवस जे इथे वाजत होतं, ते तिथे हलत होतं.

टायपिस्टबाईंनी पाकिटावरचा शिक्का वाचला. आठ मार्च. माझं कबुलीचं पत्र नऊला निघालं. तू झोका सोडलास तेव्हा तुला वाटत होतं की आईने अडाणीपणात पुसलं. आता नऊचं पत्र तुला मिळालं असेल. आता तुला झोका परत हवा असेल तर तसं कळव, त्याच कापसात घालून पाठवीन. भांडणार नाही.

बसवलेला नाही. येतं मला, बाबांपेक्षा हलक्या हाताने बसवीन. पण जिने कापला तिने बसवायचा. घंटेखाली मशीनच्या शेजारी ठेवलाय, एवढंच.

काल चारला आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसलो. दहा मिनिटांनी झोका हलायला लागला. नुसता डबीत पडलेला, कमानीला आधार नाही, काही नाही. इकडून तिकडे. मशीन त्याच्याबरोबर वाजत होतं. पडदा हलत होता. टायपिस्टबाईंनी माझा हात धरला. मी म्हटलं, "अहो, घाबरता काय, घरातलंच आहे." खरं तर हात त्यांनी धरला की मी, यावर आमचा वाद चालू आहे.

मला त्याची भीती वाटत नाही गं. मला उद्याच्या पोस्टमनची वाटते.

आता शेवटचं. टिकटिक थांबल्यावर मी पाटी उचलली. टोपी घालून, नियमाने. अंगठा फिरवला. बाबांचं नाव, शेपटासकट. तुझं नाव, टोकाला थबकलेलं. आणि त्याच्या पुढे आणखी काहीतरी. खरवड नाही. मऊ. बारीक. मी टायपिस्टबाईंना आयग्लास दिली.

"हे काही अक्षर नाही, आजी."

"मग?"

"रेघा आहेत. गोल गोल, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. आणि मधोमध एक तिरकी चीर."

ती चीर माझी आहे. नऊ वर्षांची असताना सुरीने अंगठा कापला होता. लग्नाच्या वेळी होती, तू झालीस तेव्हाही असेल. मग घासता घासता कधी गेली ते कळलं नाही. मी टोपी काढून माझा अंगठा उजेडात धरला. टायपिस्टबाईंनी आधी तो बघितला, मग पाटी, मग पुन्हा तो. अंगठा गुळगुळीत. वाटीच्या बुडासारखा.

पाटी वीस वर्षांची. त्या रेषा तिच्या कितीतरी आधी गेलेल्या. कुठे होत्या इतके दिवस, मला विचारू नकोस. बाबा असते तर त्यांनाही विचारलं नसतं.

डाग आहे, चिमटाबाई. पितळेवर उघड्या बोटाचा डाग, या घरातली सगळ्यात मोठी चूक. काडी समोर पडली आहे. पेस्टची डबी उघडी आहे. हात शिवशिवतायत.

मी हात लावलेला नाही.

तिघांचं राहू दे की तुम्हा दोघांचंच, हे तू ठरव. पण ये, आणि तुझ्या डोळ्यांनी बघून ठरव. पुसायचं झालं तर काडी तुझ्या हातात देईन. चावीला अजून कुणी हात लावलेला नाही. नातीला आण. तिची बोटं लहान असतील, टोप्या आहेत माझ्याकडे.

आई

अंगठा कागदावर घेतला नाही. पाटीवर आहे तो ग्राह्य धरावा. मी स्वतः पाहिला. — टायपिस्ट